आबा नेमके कुठल्या विधानसभेत होते? सीमाभागातल्या आमदाराचं चरित्र पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

सीमाभागात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या माजी आमदाराची जन्मशताब्दी येते, पुतळा बसतो, नाहीतर हायस्कूलला नाव द्यायचं ठरतं. मग गल्लीतले पंच मराठी बरं लिहिणारा एखादा पोरगा हेरतात. "चाळीस पानं लिहून दे की. तुला काय अवघड आहे?" मलाही अशाच एका माजी आमदाराच्या चरित्रासाठी गाठलं होतं; त्यांना आपण 'आबा' म्हणू. घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं, पुस्तिका छापली, हार-तुरे झाले. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका निवृत्त तलाठ्यांनी भात कालवता कालवता विचारलं, "पान सातवर तुम्ही त्यांना १९७९ साली जिल्हा पंचायतीवर निवडून आणलंय. तेव्हा जिल्हा पंचायत होती कुठं वो?"

नव्हतीच. त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते इथे लिहून ठेवतो. कारण आमच्याकडच्या आमदाराचं आयुष्य हे दोन राज्यं, तीन भाषा आणि सतत बदलणारी नावं यांत विखुरलेलं असतं. ते गोळा करायची एक रीत आहे. ती चुकली की भाषा कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही.

आधी तारखांची वही, मग बाकी सगळं

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर साल आणि घटना, उजव्या पानावर ती कुठून कळली ते. "मुलाने सांगितलं", "वर्तमानपत्राचं कात्रण", "निवडणूक आयोगाचा अहवाल" असं स्पष्ट. उजवं पान कोरं राहिलं तर ती घटना पुस्तकात घ्यायची नाही. पहिल्या महिन्यात एकही परिच्छेद लिहू नका. हात शिवशिवतात, पण थांबा.

या वहीत सुरुवातीलाच काही खुंट्या ठोकून ठेवा, म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांना अडकवता येतात. १७ जानेवारी १९५६, सीमाभागातला हुतात्मा दिन. १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो दिवस; आपण काळा दिन पाळतो तो. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन. १ जून १९८६, कन्नड सक्तीविरोधी आंदोलन. "आबा कधी निवडून आले?" असं विचारलं तर म्हातारी माणसं साल चुकवतात. "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारलं तर सहसा चुकत नाहीत.

सभागृह कोणतं, ते नक्की करा

घरचे सर्रास सांगतात, "आबा कर्नाटकच्या विधानसभेत होते." १९७३ च्या १ नोव्हेंबरपर्यंत कर्नाटक नावाचं राज्यच नव्हतं, ते म्हैसूर होतं. त्याआधी, १९५६ पर्यंत, आपण मुंबई राज्यात. १९५२ ला बेळगाव जिल्ह्यातून निवडून आलेला माणूस मुंबईच्या सभागृहात बसायचा. राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका तेवढा वगळून बाकी जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि या भागातले आमदार पुन्हा निवडून न येताच कायद्याने म्हैसूर विधानसभेचे सदस्य झाले. काही महिन्यांतच १९५७ ची निवडणूक आली. त्यामुळे एकाच माणसाच्या एकाच कारकिर्दीत दोन विधानसभा येऊ शकतात. त्या चार महिन्यांत तो बेंगळूरला प्रत्यक्ष गेला का, गेला तर काय बोलला, हे शोधण्यासारखं असतं. मला तर चरित्रातला हाच भाग सगळ्यात ओढ लावणारा वाटतो आणि नेमका तोच सगळे गाळतात.

नोंदींसाठी १९५६ पूर्वीचं मुंबईच्या विधानभवनाच्या ग्रंथालयात बघायचं, नंतरचं बेंगळूरच्या विधानसौधात. माणूस विधान परिषदेवर होता की विधानसभेवर, हेही विचारून घ्या. घरच्यांच्या लेखी दोन्ही "आमदार"च. कर्नाटकात परिषद आहे, तिच्या ७५ जागा आहेत आणि तिथे शिक्षक, पदवीधर, स्थानिक संस्था अशा वेगळ्या मतदारसंघांतून माणसं जातात. गावोगाव फिरून मतं मागितलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, नगरसेवक-सदस्यांच्या मतांवर गेलेल्याची वेगळी.

मतदारसंघाच्या नावात फसू नका

उचगाव मतदारसंघ आज शोधलात तर सापडणार नाही. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव, बागेवाडी, सदलगा, संकेश्वर ही नावं यादीतून गेली. सदलगा चिकोडीला जोडून राहिलं. परसगडचं सौंदत्ती-यल्लम्मा झालं. बेळगाव शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, शिवाय ग्रामीण वेगळा आला. आज जिल्ह्यात १८ मतदारसंघ आहेत. "आबा बेळगाव ग्रामीणचे आमदार होते, १९८५ ला" असं लिहिलंत की जाणकार पुस्तक मिटतो.

पुनर्रचना त्याआधीही झाल्यात. म्हैसूर विधानसभेच्या जागा १९५७ ला २०८ होत्या, १९६७ ला २१६ झाल्या, १९७८ पासून २२४ आहेत. दर वेळी गावं इकडची तिकडे गेली. तेव्हा मतदारसंघाचं नाव एवढ्यावर थांबू नका. त्या निवडणुकीत त्यात कुठली कुठली गावं होती ते मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशात बघा. आपल्या माणसाचं स्वतःचं गाव त्याच्याच मतदारसंघात नव्हतं, असंही निघतं. आणि १९५२ किंवा १९५७ च्या निकालात एकाच मतदारसंघात दोन विजेते दिसले तर छपाईची चूक समजू नका. तेव्हा काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असत. १९६२ पासून ते बंद झाले.

निकाल कसे वाचायचे

निवडणूक आयोगाने प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल संकेतस्थळावर ठेवलेत. ते फुकट उतरवून घेता येतात. आपल्याकडच्या लेखकाला त्यात तीन खड्डे लागतात.

पहिला खड्डा पक्षाचा. २०१३ चा कर्नाटकाचा निकाल उघडा. काँग्रेस १२२, भाजप ४०, धर्मनिरपेक्ष जनता दल ४०, इतर छोटे पक्ष मिळून १३ आणि अपक्ष ९. महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी आपली समिती, शोधत बसाल तर हाताला काही लागणार नाही. बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील समितीतर्फे निवडून आले, पण आयोगाच्या कागदावर ते त्या ९ अपक्षांत आहेत. समितीचा उमेदवार अनेक निवडणुकांत असाच अपक्ष म्हणून नोंदलेला मिळतो. तेव्हा "आबा अपक्ष होते" हे अहवालावरून ठरवू नका आणि "आबा समितीचे अधिकृत उमेदवार होते" हे घरच्यांवरून ठरवू नका. त्या वेळचं वर्तमानपत्र काढून समितीने उमेदवारी कोणाला जाहीर केली होती ते बघा. समितीतही बंडखोर असतात. २०१८ ला तर दोन गटांचे उमेदवार समोरासमोर होते आणि एकही जागा आली नाही. हे लिहायला जड जातं, पण लिहावं लागतं.

दुसरा खड्डा नावाचा. २०१३ च्या त्याच सभागृहात बेळगाव ग्रामीणचे संजय पाटील होते, दक्षिणचे संभाजी पाटील, खानापूरचे अरविंद पाटील. "एस. पाटील" एवढंच लिहिलेलं कात्रण हातात आलं तर कोणाचं समजणार? जुन्या अहवालांत नाव कधी आडनावापासून, कधी आद्याक्षरांनी, आणि स्पेलिंग टंकणाऱ्याच्या मर्जीवर. वहीच्या पहिल्याच पानावर आपल्या माणसाचं नाव शक्य तेवढ्या सगळ्या तऱ्हांनी लिहून ठेवा: मराठीत, इंग्रजीत, कन्नडात. शहराचंही तसंच, १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या सरकारी कागदांत इंग्रजी नाव 'बेलगाम' असं आहे, नंतर 'बेळगावी'. शोधताना दोन्ही टाका.

तिसरा खड्डा पोटनिवडणुकीचा. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात ती नसते. २०१९ चं उदाहरण सगळ्यांना आठवतं. अथणी, कागवाड, गोकाकचे आमदार अपात्र ठरले, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली पण निवडणूक लढवायला मोकळीक दिली आणि डिसेंबरात ते पुन्हा उभे राहिले. नुसते २०१८ आणि २०२३ चे अहवाल वाचणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही. आपल्या माणसाचा कार्यकाळ मध्येच तुटलाय असं वाटलं तर कारण शोधा: राजीनामा, अपात्रता, न्यायालयाने निवडणूक रद्द करणं की बरखास्ती. यातला फरक मोठा आहे.

मतांचे आकडे लिहिताना फक्त आपल्या माणसाचे देऊ नका. दुसऱ्या क्रमांकाला किती, एकूण मतदान किती, हेही द्या. अनामत जप्त झालेली निवडणूक असेल तर तीही. ती लपवली की विरोधकांचे नातू पुस्तिका घेऊन फिरतात.

आमदार होण्याआधीची पायरी

माझी चूक इथलीच. कर्नाटकात स्थानिक संस्थांची नावं पुन्हा पुन्हा बदलली आणि त्या नावांवरूनच काळ ओळखता येतो. "डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड" म्हणजे मुंबई अमदानीची सवय. "तालुका बोर्ड" ऐकलंत तर १९५९ च्या म्हैसूर कायद्यानंतरचा काळ. "मंडल पंचायत" हा शब्द आला की १९८७ च्या निवडणुकीच्या आसपास या. तेव्हा जिल्ह्याला "जिल्हा परिषद" होती. सध्याची ग्राम, तालुका, जिल्हा पंचायत ही १९९३ च्या कायद्यातली. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांशी बोलून लिहिणारे तर सरळ "पंचायत समिती सभापती" लिहून मोकळे होतात. ती पलीकडची संस्था; आपल्याकडे १९८३ च्या कायद्यात आलेली तालुका पंचायत समिती वेगळी.

शहरातल्या माणसाची वाट बहुतेक महापालिकेतून जाते, ग्रामीण भागातल्याची सोसायटी, एपीएमसी, जिल्हा मध्यवर्ती बँक, साखर कारखाना अशी. काकतीचा मार्कंडेय, निपाणीचा हालसिद्धनाथ यांच्या संचालक मंडळांच्या जुन्या वार्षिक अहवालांत आमदारकीच्या आधीचा माणूस भेटतो. हे अहवाल कारखान्यापेक्षा एखाद्या जुन्या सभासदाच्या माळ्यावर लवकर मिळतात.

सभागृहातलं काम: इथे कन्नड लागतंच

आपल्याकडच्या चरित्रांत सगळ्यात बारीक प्रकरण असतं ते हे, आणि खरं तर आमदाराचं काम तेच. "विधानसभेत सीमावासीयांचा आवाज बुलंद केला" एवढ्यावर पाच वर्षं संपतात. कुठल्या तारखेला, कुठल्या चर्चेत, काय बोलले?

विधानसभेच्या कामकाजाचे जुने खंड आता बऱ्याच प्रमाणात विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आहेत. बहुतांश कन्नडमध्ये. कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका; कन्नड माध्यमात शिकणारी भाची-पुतणी प्रत्येक घरात एक तरी असते, तिला सोबत घ्या. स्वतः निदान काही शब्दांची अक्षरं ओळखायला शिका: शासकरु म्हणजे आमदार, चुनावणे म्हणजे निवडणूक, सभाध्यक्षरु म्हणजे अध्यक्ष. आणि "संताप सूचने" दिसलं तर सभागृह कोणावर चिडलं असं समजू नका. कन्नडात तो शोकप्रस्ताव. माझा एक मित्र हे वाचून हबकला होता: "आबा वारले त्यावर यांना संताप कशाचा?"

हा शोकप्रस्ताव मात्र जरूर काढा. माजी सदस्य वारले की पुढच्या अधिवेशनात तो मांडला जातो आणि त्यात जन्म, शिक्षण, कितव्या विधानसभेचे सदस्य, कुठल्या समित्यांवर होते, असा धावता परिचय असतो. त्यातही चुका असतात, तेव्हा आयोगाच्या अहवालाशी ताडून बघा.

भाषेचा एक मुद्दा. संविधानाच्या २१० व्या कलमानुसार विधिमंडळाचं कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतं. ज्याला यातली कुठलीच नीट येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. सीमाभागातले आमदार मराठीत बोलायला उठले की काय घडायचं, याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यातली प्रत्येक गोष्ट त्या दिवसाच्या कामकाजात शोधा. काही अगदी तशाच सापडतात, काही सापडतच नाहीत. न सापडलेली गोष्ट "असं सांगतात" म्हणून लिहायला हरकत नाही, पण तेवढंच.

प्रश्नोत्तरं वाचताना रस्ते, एसटी, पाणी यांसोबत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रश्न वेगळे काढा. एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्क्यांच्या वर असतील तर सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेतही मिळावीत, हा मुद्दा समितीच्या आमदारांनी सतत लावून धरला. आपल्या माणसाने तो किती वेळा विचारला हे मोजता येतं.

जे संकेतस्थळावर नाही ते विधिमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात मागा. कर्नाटकात अर्जाला दहा रुपये लागतात, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मराठी माणसाला १५० शब्दांत थांबणं जमत नाही. माझा पहिला अर्ज नमस्कार आणि सीमाप्रश्नाच्या पार्श्वभूमीतच संपला होता.

हिवाळी अधिवेशन बेळगावात असलं तर हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात एकदा प्रेक्षक सज्जातून कामकाज बघून या. पास कुठल्याही आमदाराच्या शिफारशीवर मिळतो. ही इमारत २०१२ ची. बेळगावात अधिवेशन भरायला सुरुवात झाली ती २००६ ला. त्याच काळात अधिवेशनाच्या निषेधाचा समितीचा महामेळावा असतो, आणि त्याला परवानगी मिळणार की नाही यावरून दरवर्षी शहर तापतं. समितीचा आमदार त्या दिवशी आत होता की मेळाव्यात, हा प्रश्न त्याच्या चरित्रात टाळू नका.

माणसं

कागद झाले की माणसांकडे जा, आधी नको. तारखा हातात असल्या की आठवणींना वाट मिळते.

मुलगा-मुलगी शेवटी. आधी ड्रायव्हर, मग पत्रं लिहिणारा कार्यकर्ता. आमदाराच्या घरी पहाटे कोण येऊन बसायचं हे यांना ठाऊक असतं: बदलीसाठी मास्तर, दवाखान्यासाठी बाई, बांधावरून भांडलेले भाऊ, आणि आपल्याकडचं खास गिऱ्हाईक म्हणजे कन्नडमधली नोटीस घेऊन आलेला म्हातारा. "साहेब, यात काय लिवलंय तेवढं सांगा." नोटीस वाचून दाखवणं हे सीमाभागातल्या आमदाराच्या कचेरीचं निम्मं काम. ते कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून तुम्हीच लिहायचं.

घरातल्या बायकांना स्वतंत्र भेटा, स्वयंपाकघरात. किती माणसं जेवून जायची, पैसे कुठून यायचे, दागिने कुठल्या निवडणुकीला गहाण पडले, तुरुंगात असताना घर कोणी चालवलं, हे बैठकीच्या खोलीत कोणी सांगत नाही. छापायच्या आधी मात्र त्यांना वाचून दाखवा आणि त्या नको म्हणाल्या तर गाळा.

हरलेल्या उमेदवाराकडेही जा. मी एकदा घाबरत गेलो, तर त्यांनी चहा पाजून तासभर मन मोकळं केलं. "माणूस सरळ होता. सीमाप्रश्नावर आला आणि पाण्याच्या टाकीवर पडला." संबंध प्रचाराचं सार एवढं नेमकं मला कुठल्याही समर्थकाने सांगितलं नव्हतं. कन्नड भाषक मतदारांनाही विचारा. मराठी आमदाराच्या दारात त्यांचीही कामं व्हायची आणि त्यांच्या आठवणींत आपल्याला ठाऊक नसलेला माणूस असतो.

अपक्ष म्हणून लढणाऱ्यांची चिन्हं निवडणुकीगणिक बदलायची. "चिन्ह काय होतं?" हे विचारा. साल विसरलेल्यांना चिन्ह आठवतं, आणि चिन्हावरून साल काढता येतं.

वर्तमानपत्रं

बाबुराव ठाकुरांचं 'तरुण भारत' आणि शामराव देसाईंचं 'राष्ट्रवीर' यांच्या जुन्या फायलींशिवाय बेळगावच्या राजकारणावर लिहूच नये. पण दोन्ही लढ्यातली पत्रं होती हे विसरू नका. त्याच दिवसाचं एखादं कन्नड दैनिकही बघा. सभेला "अलोट गर्दी" एकीकडे आणि "तुरळक उपस्थिती" दुसरीकडे असेल, तर गर्दीबद्दल न लिहिता भाषणाबद्दल लिहा. फायली हाताळताना पानांचे तुकडे पडतात. मोबाइलवर फोटो काढताना तारखेची ओळ चौकटीत येऊ द्या. माझ्याकडे साठ-सत्तर सुंदर कात्रणं आहेत, बिनतारखेची.

खटले आणि संपत्ती

२००३ नंतरच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात: शिक्षण, मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे. सीमाभागात गुन्ह्यांच्या रकान्यावरून लगेच मत बनवू नका. जमावबंदी मोडली, विनापरवाना मोर्चा काढला, काळ्या दिनाची फेरी काढली, असेच बरेच असतात. आणि सगळेच तसे असतात असंही नाही. कलम बघा, शेवटी काय झालं ते बघा, आणि दोन्ही प्रकार वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. आंदोलनाच्या पुण्याईत बाकीचे खटले झाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडा.

लिहिताना आणि छापताना

"झुंजार", "लढवय्ये", "अजातशत्रू" हे शब्द पहिल्या खर्ड्यात खुशाल येऊ द्या, दुसऱ्यात एकेक काढा. सीमावादावरचा महाजन आयोग, महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावं, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं पहिल्या पंधरा पानांत ओतू नका. वाचकाला ते पाठ आहे. जिथे आपल्या माणसाचा संबंध येतो तिथेच, तेवढंच.

फोटोंच्या मागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं आजच लिहून घ्या. पेनाने नको, शाई पुढे उमटते. छापायला देण्याआधी खर्डा तिघांना वाचायला द्या: घरचा एक, विरोधी गटातला एक, आणि कोणाचाच नसलेला एखादा निवृत्त मास्तर. पहिल्या खेपेला शंभरच प्रती काढा. चुका सांगणारे फोन पहिल्या आठवड्यातच येतात. वही फोनशेजारी ठेवा आणि सांगणाऱ्याचं नाव, तारीख उजव्या पानावर लिहा.